आईने मोजलेल्या उड्या

दोन वर्षं मी फायटिंग गेमचे ट्युटोरियल बघत होते आणि दोन वर्षं हरत होते. नागपूरजवळ बुटीबोरीतल्या एका कापड गिरणीच्या प्रयोगशाळेत मी धाग्याची ताकद तपासते. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता बराच वेळ मिळतो. त्या वेळात कानात इयरफोन घालून मी परदेशी मुलांचे व्हिडिओ बघायचे. ती मुलं भरभर इंग्रजी बोलत. कोणता ठोसा किती वेगाने बाहेर पडतो, कोणती लाथ अडवली की समोरचा किती क्षण उघडा पडतो, सगळं मला पाठ झालं होतं. घरी येऊन ऑनलाइन कोणाशी खेळायला बसले की पाच मिनिटांत त्यातलं काहीच हाताला सापडायचं नाही.

हा नाद तसा उशिराच लागला. गिरणी काही महिने बंद होती तेव्हा मावसभावाने त्याचं जुनं गेम खेळायचं मशीन आमच्याकडे ठेवलं आणि पुढे परत नेलंच नाही. मी तेव्हा तिशीला टेकले होते. पुढच्या वर्षी धीर करून धरमपेठेतल्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर भरलेल्या स्पर्धेत नाव दिलं. तिथे बाई मी एकटीच. दोन सामने हरलं की बाहेर, असा नियम. मी पंधरा मिनिटांत दोन्ही हरले, जिना उतरले आणि थेट घरी आले. मैत्रिणीला भेटायला जाते म्हणून निघाले होते; आईला सांगितलं की मैत्रीण भेटलीच नाही.

घरात आम्ही दोघीच. वडील जाऊन सहा वर्षं झाली. आई उमरेडच्या विणकरांच्या घरातली. लग्नापर्यंत बापाच्या मागावर लुगडी विणायची. नागपुरात आल्यावर तिने शाळेच्या मुलांचे गणवेश शिवले आणि शिवणाच्या मशीनचं पायडल मारून मारून, तिच्याच म्हणण्याप्रमाणे, गुडघा घालवला. मागच्या वर्षी त्याचं ऑपरेशन झालं. तिला आतल्या खोलीचा उंबरा ओलांडता येईना, म्हणून तिची खाट बाहेरच्या खोलीत आणली. टीव्ही तिथेच होता. माझं गेमचं मशीनही तिथेच.

पहिले आठ दिवस तिने सहन केलं. मग विचारलं, "हे दोघं काहून भांडून राहिले वं?"

"भांडून नाही राहिले आई, खेळून राहिले."

"मंग मारून काहून राहिले?"

मी आवाज कमी केला. पण रविवारी सकाळी मी जपानमधली एक मोठी स्पर्धा लावली तेव्हा ती खाटेवर टेकून लसूण सोलत होती आणि तिला दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतं. एक चाळिशीपुढचा खेळाडू एका पोरसवदा खेळाडूसमोर बसला होता. पोरगा तुटून पडत होता. याचा निळ्या पँटमधला गडी नुसता एक पाऊल पुढे, एक मागे.

"हा निळ्या पँटवाला काहीच करून नाही राहिला," आई म्हणाली.

"तो वाट पाहून राहिला. समोरच्यानं मारलं का हात बाहेर जाते. तो हात वापस यायले जरा टाइम लागते. तेवढ्यात यानं मारायचं."

"म्हणजे त्याचा हात रिकामा गेला पाहिजे."

"हो."

"मंग एवढंच सांग ना. मघापासून इंग्रजीतले आकडे सांगून राहिली."

तो चाळिशीपुढचा खेळाडू पहिला डाव हरला. त्याने खुर्ची थोडी पुढे सरकवली, हात पुसले आणि पुढचे तीन जिंकला. आईने सोललेला लसूण बाजूला ठेवला आणि दुपारी जेवताना विचारलं, की हा माणूस परत कधी खेळणार आहे.

त्यानंतर रविवारची सकाळ ठरून गेली. आईला खेळाडूंची नावं लक्षात राहत नसत. ती त्यांना चष्मेवाला, मानमोडक्या, घाईवाला असं म्हणायची. तिला बटणांतलं काही कळत नव्हतं, पण कोण कधी काय करणार ते मात्र ती सांगायची. "आता हा उडते, पाहून घे," म्हणायची, आणि तो खरंच उडायचा. मी विचारलं की कसं कळतं. ती म्हणाली, वीस वर्षं पोरांची मापं घेतली. टेप लावायच्या आधी कोणता पोरगा हलणार हे समजत होतं.

एका संध्याकाळी मी ऑनलाइन खेळत होते. हरले. वळून बघितलं तर आईने परातीच्या कडेला लसणाच्या पाकळ्या ओळीने मांडल्या होत्या. अकरा.

"हे काय?"

"तू उडाली तेवढ्या वेळा. मार बसला का तू उडते. अन् उडाली का तो खालून हाणते."

"दर वेळेस?"

"दोनदा नाही हाणलं. तेव्हा त्याचं ध्यान नव्हतं."

मला राग आला. टीव्ही बंद करून मी भाकरी करायला गेले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ट्युटोरियलऐवजी माझाच तो सामना फोनवर बघितला. बुटीबोरीला पोचेपर्यंत मी उड्या मोजल्या. अकराच होत्या. इतके व्हिडिओ बघितले, पण त्यातल्या कोणालाही मी कशी खेळते ते दिसत नव्हतं. आईला दिसत होतं.

आईचंही एक होतं. फिजिओथेरपिस्टने सांगितलेला गुडघा वाकवण्याचा व्यायाम ती टाळायची. दुखायचं फार; एकदा डोळ्यांत पाणी आलं तर तिने तोंड भिंतीकडे केलं. मी म्हटलं, "तू जेवढ्या वेळा पाय वाकवशील तेवढेच सामने मी खेळीन." पहिल्या दिवशी तिने तीनदा वाकवला. मला तीनच सामने मिळाले आणि ते तिन्ही मी हरले, पण एकूण उड्या चारच झाल्या. मार बसला की आई खाटेवरून म्हणायची, "बस खाली." मी खाली बसून मार अडवायचे. अडवल्यावर समोरच्याचा हात रिकामा जायचा, आणि मग मारायला खरंच वेळ असायचा. महिनाभराने ती वीसदा पाय वाकवत होती आणि मी निम्मे सामने जिंकत होते.

याच दिवसांत मी स्वतःचा व्हिडिओ करायचं ठरवलं. मराठीत असं काही मला सापडलं नव्हतं. आधी शाळेच्या पुस्तकासारखं लिहून काढलं आणि वाचून दाखवू लागले. "प्रतिस्पर्ध्याच्या आक्रमणानंतर" एवढं म्हणाले, तर मागून आईचा आवाज आला. "प्रतिस्पर्ध्याच्या म्हणजे समोरच्याच्या ना?" मी कागद ठेवला आणि जसं तिला सांगायचे तसं सांगत गेले. ती मध्ये मध्ये विचारत राहिली. पाठीमागच्या मारापासून कसं वाचायचं, पकडलं तर सुटायचं कसं, दोघांनी एकदमच मारलं तर कोणाला लागेल. तिचा आवाज कापायचं माझ्याने झालं नाही.

व्हिडिओ टाकला त्या पहिल्याच दिवशी एकाने खाली लिहिलं की ही कसली गावठी भाषा. मी तो व्हिडिओ काढूनच टाकणार होते. संध्याकाळपर्यंत आणखी काही जणांनी लिहिलं. एकाने लिहिलं होतं, "मावशींनी जे विचारलं तेच मला दोन वर्षांपासून विचारायचं होतं, लाज वाटत होती." ते मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याले सांग, लाजू नको म्हणा." आणि मी तसंच लिहिलं.

जानेवारीत त्याच कॅफेत परत स्पर्धा होती. आई काठी घेऊन माझ्यासोबत आली. जिना चढायला तिला वेळ लागला. प्रत्येक पायरीवर थांबत, चांगला पाय आधी टाकत ती वर पोचली. तिथल्या मुलांनी तिच्यासाठी पंख्यापासून दूर खुर्ची टाकली. पहिला सामना मी हरले. मी आईकडे गेले तेव्हा ती म्हणाली, "एकदाही नाही उडाली तू. मी पाहून राहिली होती."

मग दुसरा सामना मी जिंकले. तिसऱ्या सामन्यात समोरचा मुलगा वरून उडून आला आणि माझ्या हाताने विचार न करताच खालून ठोसा मारला, आणि तो खाली पडल्यावर मला कळलं की संपलं, मी जिंकले आहे. मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. चौथ्या सामन्यात इंजिनिअरिंगच्या एका उंच मुलाने मला हरवून बाहेर काढलं. त्याने हात मिळवला आणि मग सरळ आईसमोर जाऊन उकिडवा बसला.

"काकू, व्हिडिओत तुमचाच आवाज आहे ना? माझं काय चुकते सांगा न."

आईने जरा विचार केला. "जिंकायच्या टाइमाले तू घाई करते. हिचं थोडंसंच राहिलं होतं ना, तेव्हा दोनदा तुझा हात रिकामा गेला. हिनं पाहिलं नाही म्हणून वाचला."

तो हसला, पण मान डोलावत उठला. तो शेवटच्या फेरीपर्यंत गेला आणि दुसरा आला. आम्ही दोघी शेवटपर्यंत थांबलो, मधल्या वेळात कोथिंबीर भरलेली सांबारवडी खाल्ली, आणि जिना उतरताना मी आईला खरं सांगितलं की मागच्या वर्षी कोणतीच मैत्रीण नव्हती. "माहीत आहे," ती म्हणाली आणि पुढची पायरी उतरली.

आता आई बिनकाठीची चालते. तिची खाट आत गेली, पण रविवारी सकाळी ती बाहेरच असते. मागच्या महिन्यात कन्हानहून दोन बहिणी आल्या, एक नर्सिंगला, एक बारावीत. व्हिडिओ बघून त्यांनी विचारलं होतं की येऊ का. आईने पोहे केले. धाकटीने कंट्रोलर हातात घेतला आणि विचारलं, की भिंतीला टेकवून कोणी मारत राहिलं तर उडायचं नाही, मान्य, पण मग निघायचं कुठून? मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की याचं नीट उत्तर मलाही येत नाही.

"लावा मंग," आई म्हणाली, "करून पाहू."

मी प्रॅक्टिस मोड सुरू केला. पडद्यावर धाकटीच्या गड्याला भिंतीशी उभं केलं, मोठीला मारायला सांगितलं आणि आई खुर्ची ओढून टीव्हीच्या जवळ येऊन बसली.