बाईंचा दुसरा ब्रेक

आमच्या गल्लीत ज्याला ज्याला गाडी चालवता येते, त्याला ती एकाच बाईनं शिकवलेली आहे. आणि ज्याला येत नाही, तो त्या बाईचा नवरा आहे. एवढं लक्षात ठेवलंत की पुढचं सगळं सोपं.

बाई म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलवाल्या बाई. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एक कमरेइतकी भिंत आहे. तिच्यावर कोपरं टेकवून मी आयुष्यातलं बरंचसं ज्ञान मिळवलं आहे, पुस्तकांना उगाच नाव. बाईंनी तीसेक वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्या. म्हणजे स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, बाई शेजारच्या सीटवर, आणि त्यांच्या पायाखाली शाळेच्या गाडीत असतो तो दुसरा ब्रेक. शिकाऊ माणूस चुकला की आधी बाईंचा पाय पडायचा, मग तोंड सुटायचं. प्रत्येकाला त्याच्या खोडीवरून नाव मिळायचं. मी हॉर्नवरचा हात काढत नसे, म्हणून मी ‘भोंगा’. माझी बायको म्हणते, बाईंची माणसांची पारख चांगली आहे.

बाईंच्या यजमानांना आम्ही दादा म्हणतो. त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान. माणूस इतका हळू बोलतो की वाक्य संपेपर्यंत चहा गार होतो. लग्न झाल्या झाल्या बाईंनी त्यांना गाडी शिकवायला घेतली. दुसऱ्याच दिवशी दोघं दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी चालत घरी आले आणि गाडी चौकात राहिली. तेव्हापासून तो विषय संसारातून बाद.

तर गेल्या वर्षी बाईंनी शाळा बंद केली. जुनी गाडी अंगणात ताडपत्रीखाली गेली. आता बाई गुडघ्यांना तेल लावत बसतील अशी आमची अटकळ. पण एका सकाळी बाई भिंतीशी आल्या आणि म्हणाल्या, “भोंगा, गाडी घेतेय. स्पोर्ट्स सेडान.”

“बाई, ती तर बुंगाट पळते!”

“म्हणून तर घेतेय. दिसायला चार दारांची, घरंदाज. डिकीत सामान बसतं, मागं सासूबाई बसतात. आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला की...” बाईंनी हवेत पंजा दाबला. “तीस वर्षं मी लोकांचे पाय वर उचलले रे. एकदा, फक्त एकदा मला माझा पाय तळाला टेकवायचाय. मग मी मोकळी.”

मी ही बातमी गुप्त ठेवली. दुपारपर्यंत.

शोरूममध्ये आम्ही चौघं गेलो: बाई, दादा, बाईंच्या सासूबाई म्हणजे आजी, आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण टॅक्सीत जागा होती. सुटाबुटातला विक्रेता ऐटीत पुढे आला, आणि बाईंना बघून जागच्या जागी थिजला.

“कोण, ठप्प?” बाई म्हणाल्या.

बिचाऱ्याची गाडी शिकताना दर सिग्नलला बंद पडायची. आता त्याच्या हाताखाली पाच माणसं होती आणि पाचही जणांनी ते नाव ऐकलं.

आता ही गाडी नुसती घेता येत नाही. ताट रिकामं देतात आणि वाढप आपण सांगायचं. ठप्पनं मोठ्या पडद्यावर रंग दाखवायला सुरुवात केली. वादळी करडा, खडकाळ करडा, पहाटेचा करडा.

“सगळे राखेचेच प्रकार का रे?” आजी म्हणाल्या. “मी अजून जिवंत आहे. झेंडूसारखा दाखव.”

झेंडूसारखा होता. तो ठरला. मग सीट. शर्यतीच्या गाडीत असते तशी, दोन्ही बाजूंनी कवटाळणारी, टणक पाठीची सीट नमुन्याला ठेवली होती. आजी विचारल्याशिवाय तीत जाऊन बसल्या आणि तिथंच राहिल्या. एका हाताला दादा, एका हाताला मी, मागून ठप्प, असं करून आम्ही त्यांना उपटून काढलं. “छान आहे,” आजी म्हणाल्या, “पण जाणाऱ्यानं एकदाच बसावं अशी आहे.” साधी सीट ठरली. मागच्या बाकाला पाठ शेकणारी सोय घेतली, खास आजींसाठी. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर घ्यायचा की नाही यावर बाई अडल्या. मी म्हटलं, घ्या, मागून आवाज आला की लोक बाजूला होतील. तो माझा सल्ला. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

ब्रेक निवडताना मात्र बाईंनी एक क्षण लावला नाही. “सर्वांत मोठे कुठले? ते लाव.” आणि मग अगदी सहज, “आणि एक शेजारच्या सीटखाली.”

ठप्पला वाटलं, गंमत. “बाई, कंपनी तसं देत नाही.”

“छपराला काच देता, दाराला दिवे देता, कप गार ठेवायला भोक देता. एक ब्रेक जास्त द्यायला काय होतं?”

“पण तो लागतो कशाला? आता गाडी तुम्हीच चालवणार ना?”

बाईंनी समोरच्या गाडीचा आधीच लखलखीत असलेला आरसा पदरानं पुसला. तीस वर्षांत बाईंनी प्रश्न टाळलेला मी पहिल्यांदाच पाहिला. पण मी तेव्हा फुकटच्या कॉफीच्या यंत्रात गुंतलो होतो, म्हणून पुढं विचार केला नाही.

गाडी मिळायच्या दिवशी तर कहर. लाल कापड ओढलं, झेंडूची गाडी लखलखली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ठप्पनं किल्ली दिली. बाई रुबाबात चालत गेल्या, दार उघडलं, शेजारच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला आणि रिकाम्या स्टिअरिंगकडे बघून म्हणाल्या, “चला, आधी आरसे लावून घ्या.”

दोन क्षण कुणाला हसावं की नाही कळेना. मग बाईच खो खो हसत सुटल्या आणि पुष्पगुच्छ घेऊन उभा असलेला ठप्प खाली वाकून गुच्छातच तोंड खुपसून हसला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा.

मग सुरू झाला त्या गाडीबरोबरचा संसार. सकाळी इंजिन चालू केलं की ते आधी एक डरकाळी फोडायचं. गल्लीतली सगळी घड्याळं बिनकामाची झाली. माझ्या बायकोनं विचारलं, तो मोठ्या आवाजाचा सल्ला कुणी दिला हो? मी म्हटलं, दादांनी. गतिरोधक आला की बाई गाडी तिरकी घालत, एकेक चाक उतरवत, जशी नवी नवरी उंबरा ओलांडते तशी. स्प्रिंगा इतक्या कडक की डिकीतले टोमॅटो घरी येईपर्यंत चटणीच्या बेतात. आणि आजी! शेकणाऱ्या बाकावर पाठ टेकून, डोक्याला रुमाल बांधून, रोज तयार. “सूनबाई, दाब की!”

“दाबते, सासूबाई. पुढे जागा होऊ दे.”

पण पुढे जागा व्हायचीच नाही, आणि इथंच खरी मेख होती. पुढे जी गाडी असायची, ती बाईंच्याच विद्यार्थ्याची! तो अगदी शिकवल्याप्रमाणे संथ चालणार. चौकात पूर्ण थांबणार. वळायच्या कितीतरी आधी दिवा लावणार. त्यात मागून डरकाळी ऐकून तो आरशात बघणार, आरशात साक्षात बाई दिसणार, आणि त्याची परीक्षेच्या दिवसासारखी घाबरगुंडी उडणार. मग तो आणखी हळू. कितीतरी घोड्यांची ताकद नाकाखाली दाबून झेंडूची गाडी बाईंकडेच शिकलेल्या पोस्टमनच्या गाडीमागे गोगलगायीसारखी सरकायची. ओलांडून जावं तर रेघ सलग, आणि सलग रेघ ओलांडणाऱ्याला बाईंनी काय काय म्हटलेलं आहे ते अख्ख्या गावाला पाठ.

“पेरलं तेच उगवलं बाई,” मी भिंतीवरून म्हटलं.

“आणि पीक भरघोस आलंय मेलं,” बाई म्हणाल्या.

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. टॉवेल झटकत त्या जवळ आल्या आणि आवाज खाली आणला. माझ्याशी आवाज खाली आणून बोलणं म्हणजे चाळणीत पाणी ठेवणं, पण त्यांना दुसरं कुणी दिसलं नसेल.

“भोंगा, रस्त्यांचं सोड. परवा भल्या पहाटे गावाबाहेर गेले होते. एकटीच. सरळ रस्ता, चिटपाखरू नाही. पाय ठेवला, दाबायला लागले आणि अर्ध्यावर आपोआप माझी नजर शेजारच्या सीटवर गेली. तिथं कुणी नाही. पाय वरच आला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच.” बाईंनी टॉवेल भिंतीवर टाकला. “सगळ्यांच्या ब्रेकला मी होते रे. माझ्या ब्रेकला कुणी नाही. परत देऊन टाकते गाडी. ठप्पशी बोललेय. असा हत्ती नुसता भाजीपुरता कशाला पोसायचा?”

मी पहिल्यांदाच ती गोष्ट गल्लीत कुणाला सांगितली नाही. फक्त दादांना सांगितली. ते दुकानात एका लग्नाच्या फोटोला काच बसवत होते. माझं सगळं ऐकून घेतलं, काच पुसली, फोटो सरळ केला. मग म्हणाले, “ताडपत्रीचं एक टोक धरशील का?”

दोघांनी मिळून जुन्या गाडीचा तो दुसरा ब्रेक काढला. म्हणजे नटबोल्ट दादांनी सोडवले, मी गाडीखाली आडवा पडलेल्या दादांना सूचना दिल्या. रबर झिजून गुळगुळीत झालेलं, मधोमध बाईंच्या चवड्याचा खळगा. दादांनी तो ब्रेक दुकानात नेला आणि दार लावून घेतलं.

इकडे ठप्प गाडी परत घ्यायला तयार नव्हता. म्हणाला, “बाई, येत्या रविवारी आमच्या ग्राहकांसाठी शर्यतीचा ट्रॅक घेतलाय. तिथं पुढे कुणी विद्यार्थी नसेल, एवढी माझी हमी. एक फेरी मारा. नाही जमलं तर सोमवारी गाडी माझी.”

रविवारी ट्रॅकवर आम्ही सगळेच हजर. आजींना कठड्याशी खुर्ची दिली होती, त्यांनी ती हिसकावून पुढे ओढली. बाईंनी हेल्मेट घातलं, आरसे लावले, पट्टा लावला. पहिली फेरी मारून आल्या. आमच्या गल्लीत मारतात तशीच. लांबलचक सरळ रस्त्यावर इंजिन जरा गुरगुरलं आणि गप्प झालं. आजींनी कपाळाला हात लावला.

बाई थांबल्या आणि काच खाली केली. “ठप्प, सोमवारी ये.”

तेवढ्यात दादा पुढे झाले. डोक्यावर हेल्मेट, तेही उलटं. ठप्पनं फिरवून सरळ केलं. काखेत एक लाकडी फळी. शेजारचं दार उघडून त्यांनी ती पायाच्या जागेत सरकवली. अशी चपखल बसली की फ्रेमवाल्यानंच कापावी. फळीवर तो जुना ब्रेक, खाली नवी स्प्रिंग, कडेनं नीट पॉलिश केलेली पट्टी. ठप्प नियमाचा माणूस. त्यानं हलवून पाहिली, ती तसूभर हलली नाही. मग त्यानं वायर कुठे जाते ते शोधलं. वायर कुठेच जात नव्हती.

दादा आत बसले, पट्टा लावला, पाय ब्रेकवर ठेवला. एकदा दाबून बघितला. कुईं असा आवाज झाला. शाळेच्या गाडीतला तोच जुना आवाज.

बाई बघतच राहिल्या. “अहो, तुम्हाला गाडीतलं काय कळतं?”

“काही नाही,” दादा म्हणाले. “पण ब्रेकला मी आहे. तू दाब.”

मी भिंतीवरून खूप काही पाहिलंय, पण बाईंच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. तेही नीट दिसलं नाही, कारण त्यांनी लगेच हेल्मेटची काच खाली केली.

गाडी निघाली. पहिलं वळण सावकाश घेतलं. मग सरळ रस्ता लागला, आणि मी सांगतो, तो आवाज आमच्या सकाळच्या डरकाळीचा बाप होता. झेंडूची एक रेघ आमच्यासमोरून गेली. नुसती रेघ. आजी खुर्चीवर उभ्या. “दाबली! दाबली! दाबली गं माझ्या सुनेनं!” ठप्पनं माझा हात धरला होता की मी त्याचा, ते अजून ठरलेलं नाही. आणि त्या सगळ्या गदारोळात, गाडी समोरून गेली तेव्हा, उघड्या काचेतून एक बारीक, अखंड स्वर ऐकू आला. तो दादांचा होता.

तीन फेऱ्या झाल्या. गाडी थांबली. बाई उतरल्या त्या जणू विशीतल्या. दादांना उतरवावं लागलं. त्यांचा पाय ब्रेकवर इतका रुतला होता की बुटासकट सोडवावा लागला, आणि फळीला मधोमध तडा गेला होता.

ठप्प कागद घेऊन घुटमळत होता. “बाई, मग सोमवारी...”

“सोमवारी ये ना,” बाई म्हणाल्या. “जेवायलाच ये. आणि येताना गाडी बंद पाडू नकोस.”

दादा खुर्चीत बसून पाणी पीत होते. थोड्या वेळानं तोंडाला रंग आला, तसे ते हळूहळू बोलायला लागले. “तिसऱ्या वळणाला जरा जास्तच जोरात होतीस तू. मी वेळेवर दाबला म्हणून.”

मी तोंड उघडणार होतो. ठप्पही उघडणार होता. पण बाईंनी आमच्या दोघांकडे अशी नजर टाकली की आमची गाडी जागच्या जागी बंद पडली. मग दादांच्या हातातला ग्लास घेऊन त्या म्हणाल्या, “हो तर. अगदी वेळेवर दाबलात.”

आता नवी फळी केली आहे, जाड सागवानाची. झेंडूची गाडी रोज पोस्टमनच्या मागे रांगत भाजीला जाते. बाई निवांत असतात, काही तक्रार नाही. शेजारी दादा, पाय ब्रेकवर. चौक आला की आधी दादांचा पाय पडतो आणि कुईं होतं, मग बाई खरा ब्रेक लावतात. मागून आजी म्हणतात, “छान थांबवलीस रे, बाळा.”