तुम्ही तर आपलेच

माझ्या आईनं भरून दिलेला तांब्या वहिनींनी हात धुवायच्या बेसिनमध्ये ओतला. मी दारातच उभा होतो. त्यांना वाटलं, मी सभागृहात जाऊन बसलोय. पाणी ओतून झाल्यावर त्यांनी तांब्या विसळला, फिल्टरच्या जारखाली धरला, गळ्यापर्यंत भरला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. टेबलावर पाच तांबे होते. बाकीच्या चारांना त्यांनी हात लावला नाही.

"वहिनी, हे काय?"

त्या दचकल्या. मग हसल्या. "भाऊ, गैरसमज नका करून घेऊ. नानांचं वय झालंय. त्यांना फिल्टरचंच चालतं."

"मग मौलानांचं पाणी? फादरांचं?"

"त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा धर्मच वेगळा ना."

"आणि माझा?"

"तुमचं काय, तुम्ही तर आपलेच."

एवढं बोलून त्या पदर सावरत निघून गेल्या. स्वभावानं बाई वाईट नाही. माझ्या मुलीच्या आजारपणात दोनदा डबा घेऊन आली होती. म्हणून तर जास्त लागलं.

धुळ्यात आमचं एक मंडळ आहे. सगळ्या धर्मांच्या माणसांनी एकत्र बसावं, एकमेकांचं ऐकावं म्हणून नानांनी सुरू केलेलं. नाना म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, गावात मोठा मान. वहिनी त्यांच्या सूनबाई. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नानांच्या हॉलमध्ये बैठक व्हायची. बौद्धांच्या वतीनं मी. रविवारी सकाळी विहारात पोरांना वंदना शिकवतो, एवढीच माझी पात्रता.

खोटं कशाला बोलू, मला त्या बैठका आवडायच्या. मौलाना एकदा नीयत या एका शब्दावर तासभर बोलले. रोजा पोटाचा नसतो, नीयतीचा असतो, म्हणाले. फादरांनी दुसऱ्याचे पाय धुण्याची त्यांची प्रथा सांगितली. मी मेत्ता सांगितली. आई आपल्या एकुलत्या एका लेकराला जपते तसं सगळ्या जिवांना जपावं, असं म्हटलं. मौलानांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आपल्याला जागा मिळाली. चाळिशी उलटल्यावर का होईना, मिळाली.

तरी एक गोष्ट कानाला टोचायची. नाना मौलानांना 'आपण' म्हणायचे. फादरांनाही. मला 'तू'. मी मनाची समजूत घालायचो, की मास्तर माणूस आहे, प्रेमानं म्हणतो.

वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम. प्रत्येक धर्माच्या माणसानं आपल्या घरचं पाणी आपल्या तांब्यात आणायचं, स्टेजवरच्या घंगाळात ओतायचं. सगळ्यांची प्रार्थना झाली की ते एकत्र झालेलं पाणी आधी नाना ओंजळीत घेऊन पिणार, मग सभागृहातले सगळे. ही प्रथा नानांनीच काढलेली.

हे कळल्यावर आई दोन दिवस झोपली नाही. आईचं माहेर शिरपूरकडं, सातपुड्याच्या पायथ्याला. लहानपणी ती विहिरीच्या कट्ट्याखाली हंडा घेऊन बसायची. कुणाला दया आली तर वरून ओतायचं. इतक्या उंचावरून, की निम्मं अंगावर सांडायचं. हंडा कसा तिरका धरला की कमी सांडतं, हे तिला अजून हातानं करून दाखवता येतं. त्या बाईचं पाणी आता सगळं गाव पिणार होतं. तिनं तांब्या चिंचेनं घासला. पाणी तीनदा गाळलं. मी म्हटलं, "आई, नळाचंच आहे." तर म्हणे, "राहू दे. मन्हा जीवले बरं वाटस."

गंमत बघा. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. गावोगावचे नमुने येतात, ते मी तपासतो. पिण्यास योग्य, असं लिहून खाली सही करतो. त्या सहीवर माणसं डोळे झाकून पाणी पितात. फक्त माझ्या घरचं त्यांना चालत नाही.

बेसिनपाशी मी काय केलं? काही नाही. हे लिहिताना अजून लाज वाटते. दहा मिनिटांनी माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेलो, जारमधलं पाणी घंगाळात ओतलं आणि फोटोसाठी हसलो. माझ्या हातात नानांच्याच हॉलचं पाणी होतं आणि टाळ्या धम्माच्या नावानं पडत होत्या.

आई तिसऱ्या रांगेत होती. ओंजळीतलं पाणी तिनं आधी डोळ्यांना लावलं, मग प्यायली. शेजारच्या बाईला सांगत होती, "त्यामा मन्हं पानी शे बाई. मी सोता भरेल शे." वर्षभर ती हे सांगत राहिली. भाजीवालीला सांगितलं. शिरपूरहून मावशी आली, तिला दोनदा सांगितलं. दर वेळी मी उठून बाहेर जायचो.

बैठकांना मी जातच राहिलो. करुणेवर बोलत राहिलो. शब्द तोंडातून निघायचे आणि मला माझाच राग यायचा.

वर्ष सरलं. पुन्हा निमंत्रण आलं. आईनं पुन्हा चिंच भिजत घातली. ती तांब्या घासायला बसली आणि माझ्यानं राहवलं नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. बेसिन, जार, वहिनी काय म्हणाल्या ते.

तिचा हात थांबला. तिनं तांब्या खाली ठेवला.

"मंग मी कोनं पानी पिधं?"

"नानांच्या हॉलमधल्या जारचं," मी म्हटलं.

"तू काब्र बोलना नही?"

"चारचौघांत शोभा झाली असती, आई."

"कोनी शोभा?"

कुणाची, हे मी वर्षभर स्वतःलाही विचारलं नव्हतं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं तांब्या धुतला, पाणी गाळलं, भरला. माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "त्यास्नी चोरीन फेकं. तू बठ्ठास्ना देखत सांग." त्यांनी चोरून फेकलं, मी सगळ्यांदेखत सांगायचं.

त्या वर्षी ती सभागृहात आली नाही. मी तांब्या टेबलावर ठेवला नाही, मांडीवर घेऊन बसलो. माझं नाव आलं. घंगाळापाशी गेलो, पण ओतलं नाही. माईक जवळ ओढला.

"गेल्या वर्षी माझ्या आईनं भरलेलं पाणी इथल्या बेसिनमध्ये ओतलं गेलं. मी पाहिलं आणि गप्प बसलो. या वर्षी मी आधी विचारणार. स्टेजवरच्या कुणीही एकानं या तांब्यातला एक घोट घ्यावा. मग मी ओततो."

 वहिनींनी मान खाली घातली. फादर नानांकडं बघू लागले. नाना सावकाश उठले.

"हा विषय व्यासपीठाचा नाही. तू शिकलेला आहेस. संवाद म्हणजे समजून घेणं."

"मी वर्षभर समजून घेतलं, नाना. आज तुम्ही घ्या."

तेव्हा मौलानांनी हात पुढं केला. खरंच केला. त्यांची बोटं तांब्याला लागणार, एवढ्यात नाना शांतपणे म्हणाले, "मौलाना, आपण राहू द्या. हा आमच्या घरातला मामला आहे."

आणि मौलानांनी हात मागं घेतला.

बेसिनमधलं पाणी मी सोसलं होतं. हा मागं गेलेला हात सोसवला नाही.  मी तांब्या घेऊन पायऱ्या उतरलो आणि भर दुपारच्या उन्हात चालत घरी आलो. आईनं तांब्या भरलेलाच पाहिला. उचलून आत नेला.

आठ दिवसांनी मौलाना घरी आले. एकटेच. टेकले आणि म्हणाले, "बेटा, पहले पानी पिलाओ." आईनं पाणी दिलं. दोन ग्लास प्यायले. त्यांचे डोळे भरले होते.

"हमारा भी उस स्टेज पर रहना जरूरी है," ते म्हणाले. "आजकल हमें बुलाता कौन है?"

मला त्यांचं दुःख कळलं. अगदी आतून कळलं. त्यांना उद्या त्या स्टेजवरून उतरवलं तर मोहल्ल्यासाठी बोलायला दुसरी जागा नाही. माझ्यासारखेच तेही मांडलेल्या खुर्चीवर बसत होते. तरी मी म्हणालो, "मौलाना, हे पाणी तिथं प्यायचं होतं."

ते मान हलवत उठले. त्यांचा राग नाही मला. पण त्या दिवशी त्यांना मी माफही केलं नाही, आणि केलं असं खोटं लिहिणार नाही.

आई आता पाण्याचं कुणाला सांगत नाही. मावशी आली की दुसरंच बोलते. तिचा तो एक वर्षाचा आनंद खोटा होता, हे मीच तिला सांगितलं. ते माझ्या छातीवर दगडासारखं आहे, आणि राहणार.

परवा नानांचा निरोप आला. झालं गेलं विसर, तुझी जागा रिकामी आहे. मी उत्तर लिहून पाठवलं. दोनच ओळी. बैठकीला येणार नाही, करुणेवर बोलणार नाही. पण वार्षिक कार्यक्रमाला दर वर्षी येईन, बोलावलं नाही तरी येईन, आणि सगळ्यांसमोर उभा राहून तोच प्रश्न विचारीन, कुणीतरी पिईपर्यंत.