रोजाबायच्या पाटाकडे

केळीला पाणी लावत होतो तेव्हा भाच्याचा फोन आला. एल्विन एरवी मेसेजवर भागवणारा माणूस, त्यामुळे त्याचं नाव दिसताच हातातला पाइप टाकून फोन घेतला. रविवार होता. तुळिंजच्या फ्लॅटवरून तो बायकोला घेऊन, वडिलांना चर्चमध्ये मिस्साला न्यायला गासच्या घरी आला होता. "मामा, पप्पा बसलेत तसेच बसलेत," एवढंच म्हणाला. पाणी तसंच सोडून मी निघालो. आमच्या होळी गावाहून गास असं कितीसं लांब... पण त्या दिवशी रस्ता सरता सरेना. पोचलो तर इनास भावोजी घरामागच्या बावखलाकाठी नेहमीच्या खुर्चीत होते. कॅमेरा मांडीवर, मान जराशी उजवीकडे कललेली. आमच्या वाड्यांमधून गोड्या पाण्याची अशी तळी असतात, पूर्वी त्यांच्यावर रहाट चालायचे. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. झाला नसू दे बाबा. माझ्या डोक्यात बसलंय ते वेगळंच. भावोजींच्या पायाशी एक मुंगूस होतं. शेजारीपाजारी जमलेले, सून रडतेय, आणि ते पळायचं नाव घेईना. बरं, ते भावोजींकडेही बघत नव्हतं. खुर्चीच्या उजव्या अंगाला एक लाकडी पाट मांडलेला असतो, रिकामा. त्या पाटाकडे मान वर करून बघत होतं. मग सावकाश उठलं आणि केवड्यात गेलं.

तो पाट माझ्या बहिणीचा. रोजाबाय माझ्याहून मोठी, इनास भावोजींची बायको. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. रोज सकाळी कोळीण येऊन गेली की रोजाबाय पाट आणि विळी घेऊन बावखलाकाठी बसायची, मासळी साफ करायची आणि डोकी, आतडी तिथूनच भिरकावायची. ती विळी मांडते न मांडते तोच बगळे, पाणकोंबड्या, मुंगूस, शेजारची मांजरं, सगळा गोतावळा हजर. "आले का हरामखोर? थांबा, तुमचंच करते!" तिचा आवाज पलीकडच्या वाडीत जायचा. नवऱ्यालाही ती सोडायची नाही. भावोजी ताडमाड उंच. आमच्या जुन्या दारातून येताना लग्नानंतरचं पहिलं वर्षभर कपाळ आपटून घेतलं त्यांनी. आणि मी हा असा, खुर्चीत बसलो तर पाय जमिनीला जेमतेम टेकणारा. रोजाबाय म्हणायची, "देवानं याला नारळ पाडायला घडवला, आणि हा बसतोय हाडांचे फोटो काढत."

भावोजी इस्पितळात एक्स-रे काढायचे. सगळा जन्म अंधाऱ्या खोलीत "श्वास घ्या... रोखा... हलू नका" म्हणण्यात गेला. ती सवय घरीही सुटली नाही. फोटोला उभं केलं की लग्नातल्या नवरीलासुद्धा श्वास रोखायला लावायचे. रोजाबाय गेल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला. आम्हाला वाटलं, माणूस आता फिरेल, तुंगारेश्वरच्या जंगलात जाईल, वाघ-बिबटे शोधेल. छे! ते घरामागच्या खुर्चीतून हलले नाहीत. पाणकोंबडी, खंड्या, मुंगूस, पाण्यातला विरोळा साप, भारद्वाज, घोरपड... जे परसात येतं तेच. मी एकदा चिडवलं, "भावोजी, पाणकोंबडीचा फोटो कोण बघणार? ती तर माझ्या वाडीत अळवात लोळत असते." तर म्हणाले, "पास्कू, तू तिला रोज हाकलतोस. बघितलंयस कधी?" खरंच बघितलं नव्हतं.

त्यांचा एक नियम होता. जनावरानं कॅमेऱ्याकडे बघितलं की फोटो पुसून टाकायचा. "त्यानं मला बघितलं म्हणजे मी मध्ये कडमडलो. मी तिथं नसल्यासारखा फोटो आला पाहिजे." म्हणून रोज तीच खुर्ची, तोच मळका खाकी शर्ट, तीच वेळ. हळूहळू जनावरं त्यांना विसरली. असे निवडून ठेवलेले फोटो एका दुपारी त्यांनी मला कॉम्प्युटरवर एकामागून एक दाखवले. मी "वा, वा" करत होतो. ते म्हणाले, "वा वा नको करू. ही बघतात कुठं ते बघ." पाणकोंबडी कॅमेऱ्याच्या जरा उजवीकडे बघत होती. खंड्या तिकडेच. मुंगसाची तर मान तशी वळलेली. वेगळी पाखरं, वेगळे ऋतू, आणि नजर सगळ्यांची एका जागी, जमिनीपासून दीड-दोन हात वर. बसलेल्या बाईचं तोंड जिथं येईल तिथं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. बाहेर लख्ख ऊन होतं, मागे सुट्टीला आलेली सून डाळीला फोडणी देत होती, तरी आला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पाणी कमी पडलं तर केळ सुकते, यापुढे माझी अक्कल जात नाही. म्हटलं, "भावोजी, सोप्पं आहे. बाय तिथून खायला टाकायची, म्हणून बघतात." त्यांनाही ते पटलेलं होतं. आधी पटलेलं होतं. "पण हे मुंगूस तिच्या वेळचं नाही रे, ते कधीच मेलं. हे त्याचं पोर, नाहीतर नातू. याला काय माहीत?" मग स्वतःच उत्तर दिलं. आई येते, थांबते, तिकडे बघते. पिल्लू आईचं बघून बघतं. का ते त्याला ठाऊक नाही. तुझ्या-माझ्या पोरांनी तरी काय केलं, आपण चर्चमध्ये गुडघे टेकले म्हणून त्यांनी टेकले. हे ऐकून मला फार बरं वाटलं, रडूच आलं. माझ्या बहिणीची आठवण मुंगसांनी पोरांना देऊन ठेवली म्हणायची! मी डोळे पुसत असतानाच त्यांनी शेवटचा फोटो उघडला. घोरपडीचं पिल्लू, वीतभर, अंगावर पिवळे ठिपके. तेही तिकडेच बघत होतं. "घोरपड अंडी घालते, माती सारते आणि चालती होते," भावोजी म्हणाले. "यानं आईचं तोंड बघितलेलं नाही. याला कुणी सांगितलं, पास्कू?"

त्यानंतर माणूस हट्टाला पेटला. एक्स-रेवाला तो, संशय आला की दुसऱ्या बाजूनं फोटो काढणार. त्यांनी पाट उचलून घरात नेला. जनावरं रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग पाट बावखलाच्या पलीकडे मांडला. तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी पाट पुन्हा जागेवर आणला. मी म्हटलं, "आता कशाला? पाटाचा संबंध नाही हे कळलं ना?" ते म्हणाले, "तिला उभं कशाला ठेवायचं?" आणि पाटाला खोबरेल चोळत बसले. त्या दिवशी मी चहा न घेताच घरी आलो.

गेल्या नाताळात मात्र त्यांनी मला बाजूला घेतलं. नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्याच, खाऊन सगळे आत गप्पांत रंगलेले. "माझं एक काम करशील? मी गेल्यावर एकदा माझ्या खुर्चीत बस. पाट राहू दे. जनावरं पाटाकडे बघतात की तुझ्याकडे, तेवढं बघ." विचारलं, माझ्याकडे बघितलं तर? "तर समज, म्हाताऱ्याच्या मनाचे खेळ होते. इतकी वर्षं तिच्या शेजारी बसलोय असं वाटत होतं, ते एकटाच बसलो होतो." हसत म्हणाले, पण हात माझ्या मनगटावर होता आणि तो सुटत नव्हता.

दफन झालं, घरातल्या प्रार्थना झाल्या, आणि मी काही बसलो नाही. भीती होती. पाटाकडे बघितलं तर भीती, न बघितलं तर त्याहून जास्त. माझी बहीण तिथं नाही हे एखाद्या पाणकोंबडीनं मला सांगावं, हे सोसवणारं नव्हतं. मग भावोजींना जाऊन महिना झाला, त्या मिस्साच्या दिवशी एल्विन सहज बोलून गेला, "मामा, मागचं सगळं साफ करतोय. ती खुर्ची आणि पाट भंगारात देऊ ना? भंगारवाला येतोय." माझ्या तोंडून "थांब" निघालं, ते जरा जोरातच. मग भावोजींनी नाताळात टाकलेलं काम त्याला सांगावंच लागलं.

चर्चमधून आलो तो थेट मागे गेलो. कॅमेरा घेतला नाही, खुर्चीत नुसता बसलो. भावोजींच्या अंगानं खुर्चीला खळगा पडला होता, त्यात मी हरवलोच. ऊन पाण्यावर आलं. आधी पाणकोंबडी आली, काळी पिल्लं घेऊन. थांबली, पाटाकडे बघितलं. पिल्लांनीही बघितलं. मग मुंगूस आलं, त्यानंही. माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही. छातीवरचा दगड उतरला, मनात म्हटलं, भावोजी, जिंकलात! बाय, बसून राहा गं... तेवढ्यात घोरपड आली. तीच की दुसरी, कोण जाणे, आता हातभर झालेली. जीभ आतबाहेर करत तिनं पाटाकडे बघितलं. आणि मग मान हळूहळू माझ्याकडे वळवली.

रडूच कोसळायचं बाकी होतं. इतकी वर्षं बिचारा एकटाच बसला होता... "मामा, हलू नका," मागून एल्विनचा आवाज आला. तो चहा घेऊन दारात उभा होता. बाप बोलायचा तसा, श्वास रोखून बोलत होता. "ती तुमच्याकडे बघत नाहीये. वर बघतेय, तुमच्या डोक्याच्या वर." मग म्हणाला, "पप्पांचं तोंड यायचं तिथं."

मी उठलो. घरातलं मोठं माणूस आलं की जागा सोडतात ना, तसा अंग चोरून उठलो आणि बाजूला झालो. घोरपड आपली बघतच होती.

भंगारवाल्याला एल्विननंच परत पाठवलं. पाटाला या वर्षी खोबरेल मी लावलं. आठवड्यातून एखाद्या सकाळी गासला जातो. घरून माझं स्टूल नेऊन ठेवलंय, त्या दोघांच्या जरा मागे. जनावरं येतात, आधी पाटाकडे बघतात, मग खुर्चीकडे, आणि आपल्या कामाला लागतात. माझ्या स्टुलाकडे अजून कुणी बघितलेलं नाही. मला घाई नाही.