कान तुटलेला कप

चहाच्या खोलीत सगळ्या मेंबरांचे कप ट्रेमध्ये असायचे. माझा खिडकीत. कान तुटलेला, आत धूळ बसलेली. मी तो धुवायचा, पुढे धरायचा. चपराशी वरून चहा ओतायचा.

होय, मीही मेंबरच. पाचपावलीतल्या महार विणकराचा मुलगा. अस्पृश्यांच्या वतीनं सरकारनं मला मध्यप्रांताच्या कौन्सिलात नेमलं होतं. मी बोललो की टाळ्या वाजायच्या. टाळ्यांना विटाळ नव्हता.

एक अख्खं अधिवेशन मी त्या कपातून चहा प्यालो. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग विशेषाधिकार समितीकडे अर्ज केला. मेंबराचा अपमान म्हणजे सभागृहाचा अपमान, हे त्यांचंच म्हणणं. अध्यक्ष एक रावबहादूर, धंतोलीत बंगला असलेले. अर्ज त्यांनी दोन बोटांनी उचलला.

"चहाची खोली म्हणजे सभागृह नव्हे. तिथे विशेषाधिकार लागू नाही. या समितीच्या खोलीत अपमान झाला असता, तर गोष्ट निराळी."

निकाल सांगून झाला की चहा, अशी समितीची रीत. चपराशी ट्रे घेऊन आला. सगळ्यांपुढे कपबशा ठेवल्या. माझ्यापुढे तोच, खिडकीतला. बिचाऱ्याच्या हाताला सवयच तशी लागलेली.

"काहून गा, मलेच हा कप काहून?"

"हुकूम हाय, सायेब."

"कोनाचा?"

तो रावबहादुरांकडे पाहत राहिला.

मी उठलो. कप त्यांच्या कागदांवर ठेवला. "अध्यक्ष महाराज, आता सांगा, ही खोली कोणती?"

अहवालात लिहिलं, असं काही घडलंच नाही. चपराश्याला मात्र दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं.

कप मी घरी आणला. पुढे अध्यक्षाच्या खुर्चीवरून रावबहादूर गेले, एक वकील आले. वकील गेले, मालगुजार आले. प्रत्येकापुढे मी तोच अर्ज ठेवला, तोच कप ठेवला. वकील हसले, "जुनं उकरून काय मिळणार?" मालगुजारांनी खुर्ची मागे सरकवली. बसणारे बदलले, निकाल तोच.

बायको म्हणते, "टाका नं जी तो कप. कायले जपून राहिले?"

नाही टाकणार. मला त्यांची माफी नको. उट्टं काढायचं आहे, माझं आणि त्या चपराश्याचंही. आता कुणी नेमून नको, वस्त्यावस्त्यांतून मतं मागून निवडून येईन. त्या खुर्चीत बसेन. चपराश्याला परत बोलावीन. मग रावबहादुरांना साक्षीला बोलावीन, बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवीन. आत आले की हाच कप पुढे सरकवीन, धुळीसकट.

म्हणेन, "धुवा. आणि पुढे धरा."