चार नंबर गाडीचा खरा अहवाल

आमची तुकडी तेव्हा अरुणाचलच्या डोंगरात होती. मी वर्कशॉपमध्ये हवालदार होतो, गाड्यांचा मेकॅनिक. वय बेचाळीस. आता सत्तर आहे आणि अमरावतीत बडनेरा रोडला राहतो. त्या पोस्टिंगमधल्या एका अपघाताचा अहवाल माझ्या साक्षीवर लिहिला गेला. 'ड्रायव्हरने उतारावर गाडी न्यूट्रल केली' असं एक वाक्य त्यात आहे. ते खोटं आहे. ते मी सांगितलं. अकोल्याजवळच्या एका घरात ते वाक्य अठ्ठावीस वर्षं मुक्कामाला आहे. म्हणून हे लिहितो आहे.

ड्रायव्हर होता नायक गजानन तायडे. युनिटमध्ये वऱ्हाडातले आम्ही दोघेच. लंगरमध्ये जेवताना तो मुद्दाम मोठ्याने वऱ्हाडीत बोलायचा. ही कुठली भाषा, असं कोणी विचारलं की म्हणायचा, सरकारी.

आमचा दिवस ठरलेला होता. साडेसहाला फॉल-इन, सातला जॉब कार्डं. वर्कशॉपच्या दारात एक काळा फळा होता. डावीकडे चालू गाड्या, उजवीकडे लाल खडूने 'ऑफ रोड', म्हणजे बंद गाड्या. दहा वाजता साहेब तो फळा बघायचे. उजवी बाजू रिकामी ठेवणं हीच आमची हुशारी समजली जायची. सुटे भाग यायला महिने लागत. मग एका गाडीचा भाग काढून दुसरीला लावायचा. तेही जमलं नाही तर आणखी एक रीत होती. चाकाजवळचा ब्रेकचा सिलिंडर गळत असेल, तर त्या चाकाकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडात बेअरिंगचा छर्रा ठेवायचा आणि नट आवळायचा. तेल त्या चाकाकडे जात नाही. उरलेल्या तीन चाकांवर गाडी थांबते. हे सपाट रस्त्यावर, वर्कशॉपपर्यंत गाडी आणण्यापुरतं ठीक. करणाऱ्याने जॉब कार्डावर लिहायचं आणि ड्रायव्हरला तोंडी सांगायचं, हा नियम.

नोव्हेंबरातली गोष्ट. दुपारी चार वाजता साहेब आले. "कल सुबह पाँच गाड़ियाँ."

मी म्हणालो, "चार हैं, सर."

"पाँच."

चार नंबरची वन टन गाडी फळ्याच्या उजव्या बाजूला होती. मागचं डावं चाक गळत होतं. मी छर्रा टाकला. जॉब कार्डावर 'फिट' लिहिलं, सही केली. छर्रा लिहिला असता तर गाडी लाल खडूतच राहिली असती.

सकाळी पाच चाळीसला तायडे गाडी ताब्यात घ्यायला आला. त्याने तीनदा ब्रेक दाबून बघितला. खिडकीतून म्हणाला, "पेडल नरम लागून राह्यलं, हवालदार साहेब."

मी म्हणालो, "नवं ऑईल आहे. चालते. जा."

तो गेला. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तो खाली उतरून चाकाजवळ वाकला असता. मी आपल्याकडचा होतो.

काफिल्याच्या शेवटी, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत मी होतो. सात पंचवीसला रेडिओवर आवाज आला. "चार नंबर गाड़ी नज़र नहीं आ रही. ओव्हर." मग बराच वेळ काही नाही. मग, "नीचे है. ओव्हर."

गाडी दीडशे फूट खाली होती. दोर लावून मी पहिला उतरलो. तायडे आणि त्याच्या शेजारचा सिपाही दिवान सिंग दोघेही गेले होते. दिवान हिमाचलचा, बावीस वर्षांचा. साहेब वर रस्त्यावर होते. खाली मी वीस मिनिटं एकटा होतो.

छर्रा नीट बसला नव्हता. नट सैल होऊन तेल सांडलं होतं. त्या गाडीत चारही चाकांना एकच लाइन होती. तेल गेलं की सगळे ब्रेक गेले. गिअर दुसरा होता. हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढलेला. घाटात ब्रेक गेल्यावर माणसाने जे जे करायचं ते सगळं तायडेने केलं होतं. मी छर्रा काढला आणि खालच्या नदीत फेकला. पाइप दगडाने ठेचला. हँडब्रेक खाली केला. गिअर न्यूट्रलला आणला.

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे ड्रायव्हर तेव्हा पुष्कळ होते. लष्कराच्या चौकशी कोर्टापुढे मी तेच सांगितलं, आणि कोर्टाला ते पटलं.

दोन वर्षांनी मी निवृत्त झालो. अकोला इथून दोन तासांवर. मी कधी गेलो नाही. लग्नकार्याला जायची वेळ आली तर पत्नीला एकटीला पाठवायचो. तीव्र उतारावरचं पेडल मला अजून पायाखाली जाणवतं, नरम. घरात, खुर्चीत बसलेलो असतानाही.

मागच्या वर्षी अमरावतीत माजी सैनिकांचा एक मेळावा झाला. शेजारच्या खुर्चीवर साठीचा एक माणूस होता. त्याने माझं युनिट विचारलं आणि माझा हात धरला. तो शालिकराम तायडे, गजाननचा धाकटा भाऊ. अकोल्याला त्याचं मंडप-डेकोरेशनचं काम आहे, मेळाव्याचा मंडपही त्याचाच होता. मी त्याच्या भावाला ओळखायचो, एवढंच बोललो. मी अजून घरामागच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करतो हेही बोलून गेलो.

पंधरा दिवसांनी तो एक जुनी पिकअप ओढून घेऊन आला. तिवस्याच्या दूधवाल्याकडे सहा वर्षं ताडपत्रीखाली पडलेली. मागच्या, सामान ठेवायच्या डाल्याचा तळ कुजलेला, सीटमध्ये उंदरांचं घर. शालिकभाऊ म्हणाला, "तिले नवी करा, साहेब. पन मले विकाची पाळी आनू नका."

मला नाही म्हणता आलं नाही. दादाच्या युनिटचा माणूस, म्हणून तो नव्वद किलोमीटरवरून आला होता.

चार महिने काम चाललं. इंजिन बदललं नाही. रिंगा आणि गॅस्केट नवे टाकले, बाकी साफ केलं. डाल्याला मोडीत निघालेल्या ट्रकचा पत्रा बसवला. सीट एका जुन्या बसची. पुढचे दिवे मात्र नवे, पांढऱ्या उजेडाचे. अकोल्याच्या भंगारातून शालिकभाऊने नंतरच्या मॉडेलचा ब्रेक बूस्टर शोधून आणला, त्याने पेडल हलकं होतं. तो दर रविवारी पहिल्या एसटीने यायचा. मी सुटलेले नट वर्तमानपत्रावर ओळीने मांडतो, त्याची तो चेष्टा करायचा. "फौजेत नटायची बी परेड घेत होते काय?" माझ्या पत्नीला वहिनी म्हणायचा आणि तिच्या चहाला नावं ठेवत दोन कप प्यायचा.

एका रविवारी गंज घासता घासता तो आपणहून बोलला. गजाननच्या चुकीने दुसऱ्याचा पोरगा गेला, हे त्यांची आई मरेपर्यंत म्हणत होती. गजाननच्या पत्नीने, शोभाबाईंनी, गावच्या मास्तरांकडून हिंदीत पत्र लिहून घेतलं होतं. दिवान सिंगच्या आईची माफी मागितली होती. उत्तर आलं नाही.

मी घासत राहिलो.

तुळशीचं लग्न झालं आणि मंडपाची कामं सुरू झाली. पहिलं लग्न मंगळवारी होतं. आदल्या रविवारी फक्त ब्रेक उरले होते. मागचं एक चाक गळत होतं. त्या मॉडेलचा सिलिंडर अमरावतीत नव्हता, अकोल्यातही नव्हता. शालिकभाऊ चाकाजवळ बसला होता. सकाळचे अकरा वीस.

तो म्हणाला, "छर्रा टाकून द्या ना. आमच्याकडे सबन मेकॅनिक तेच करते. बांबू न्याले कोनता घाट लागते?"

मी टाकणार नाही म्हणालो.

"काहून?"

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. फळा, साहेबांचे 'पाँच', सही, नरम पेडल, वीस मिनिटं. वर लिहिलं आहे त्याच क्रमाने. हातातला पाना तो कपड्याने पुसत राहिला.

शेवटी त्याने एकच विचारलं. "न्यूट्रल नव्हती?"

"नव्हती."

"आमची माय त्याच्या फोटोले पाठ करून निजे."

तो उठला. नळावर हात धुतले, साबण दोनदा लावला. पत्नी चहा घेऊन आली तेव्हा तो फाटकाबाहेर होता. काय झालं, असं तिने विचारलं. तिलाही मी तेव्हाच प्रथम सांगितलं.

नऊ दिवस काही कळलं नाही. मंगळवारच्या लग्नाला त्याने भाड्याची गाडी केली असावी. मी दुसऱ्या मॉडेलचा सिलिंडर आणून बडनेऱ्याच्या लेथवर बसता करून घेतला. चारही चाकं लागली. पन्नास वेळा पेडल दाबून बघितलं. कडक होतं.

दहाव्या दिवशी ते दोघं आले, शालिकभाऊ आणि शोभाबाई. त्या खुर्चीत बसल्या नाहीत. शेडच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

"त्यायनं तुमाले इचारलं होतं? पेडलचं?"

"हो."

"अन् तुमी जा म्हनलं."

"हो."

त्यांनी मग पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. मास्तरांनी लिहिलेल्या त्या पत्राची नक्कल होती. वर हिमाचलचा पत्ता.

"मी त्या मायची माफी मांगितली. थे माही मांगाची नव्हती," त्या म्हणाल्या. "आता तुमी मांगा. अन् माह्या चिठ्ठीत लिवलं थे खोटं होतं, असं बी लिवा."

मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. शालिकभाऊने पिकअपमध्ये बसून तीनदा ब्रेक दाबला. खिडकीतून काही बोलला नाही. दोघं गाडी घेऊन अकोल्याला गेले.

त्याच आठवड्यात मी दोन पत्रं लिहिली. एक लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला, सहीनिशी. पोच आली, चौकशी होईल तेव्हा होईल. मी जिवंत असेन तर हजर राहीन. दुसरं पत्र हिमाचलला, खाली माझा फोन नंबर घालून.

तीन आठवड्यांनी संध्याकाळी सहा दहाला फोन आला. दिवान सिंगचा धाकटा भाऊ. आई अकरा वर्षांपूर्वी गेली, असं त्याने आधी सांगितलं. शोभाबाईंचं पत्र तिला वाचून दाखवलं होतं. ऐकून तिने ते चुलीत टाकायला लावलं होतं.

मग त्याने विचारलं, "ड्राइवर ने रोकने की कोशिश की थी?"

मी म्हणालो, "आख़िर तक."

पलीकडे तो कोणाशी तरी बोलला. घरात बरीच माणसं असावीत. पुन्हा फोनवर येऊन म्हणाला की दिवानच्या नावाने ते दरवर्षी पाणी सोडतात, यंदापासून ड्रायव्हरच्या नावानेही सोडतील. "पूरा नाम बताइए."

"नायक गजानन महादेव तायडे."

"धीरे बोलिए, लिख रहा हूँ."

मी एकेक शब्द सुटा करून सांगितला. गावाचं नाव सांगितलं, जिल्हा अकोला सांगितला. त्याने सगळं परत वाचून दाखवलं. बरोबर होतं.

मग त्याने माझंही पूर्ण नाव विचारलं. मी रँकसह सांगितलं. तेही त्याने लिहून घेतलं.