शरमेने मोठे झालेले पाळकसाहेब

आमच्या जालन्याच्या ख्रिस्ती मंडळीचे निवृत्त पाळक रेव्हरंड शांतवन खरात यांना यंदा पंचाहत्तरावे वर्ष लागत आहे. त्यांची माझी ओळख मी आष्टीहून शिक्षकाची नोकरी धरायला जालन्यात आलो तेव्हाची. भाड्याच्या खोलीत मी सामान लावत होतो. दारात एक उंच गृहस्थ उभे राहिले. मी कोणत्या मंडळीचा, बाप्तिस्मा कुठे झाला, असे काही त्यांनी विचारले नाही. "जेवायची सोय काय केली?" एवढेच विचारले. माझे लग्न होईपर्यंत मी बहुतेक संध्याकाळी त्यांच्याच घरी जेवलो. पुढे मी मंडळीचा कारभार पाहणारा पंच झालो आणि त्यांच्याबरोबर गावोगावी हिंडलो.

त्यांचा आवाज भारदस्त, देवाच्या वचनाचा अभ्यास मोठा. आजाऱ्याच्या उशाशी ते तासन्‌तास बसत. हसनाबादच्या प्रार्थनासभेला जाताना पावसात मोटारसायकल बंद पडली तर ती ढकलत नेली, पण सभा चुकवली नाही. पंचाहत्तरीनिमित्त काढायच्या या गौरवग्रंथाची परवानगी मागायला आम्ही गेलो तेव्हा वाटले, हेच सारे लिहायचे. पाळकसाहेब म्हणाले, "सुशीलाबाईंचं लिहा. ते लिहिणार नसाल तर माझ्यावर काहीच लिहू नका." म्हणून लिहितो. लिहिताना मान खाली आहे, कारण ती गोष्ट त्यांच्या एकट्याची नाही.

सुशीलाबाई जालन्यातच मस्तगड भागात राहतात. नवरा लवकर गेला. शिवणकाम करून त्यांनी मुलीला, करुणाला, शिकवले. मंडळीतल्या बायकांच्या प्रार्थनासभा त्याच चालवीत. करुणाने हसनाबादच्या एका बौद्ध कुटुंबातल्या मुलाशी लग्न केले. त्यानंतरच्या रविवारी पाळकसाहेब उपदेश करता करता थांबले आणि म्हणाले, "जिला पोटची पोरगी सांभाळता आली नाही, तिनं दुसऱ्यांना प्रार्थना शिकवू नये." सगळ्या माना सुशीलाबाईंकडे वळल्या. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि बाहेर निघून गेल्या. आमच्यापैकी कोणी जागचे हलले नाही. पुढचे गीत आम्ही नेहमीसारखेच गायलो.

वर्षभर त्या आल्या नाहीत. मग एकदा हसनाबादची सभा आटोपल्यावर करुणाचे सासरे, निवृत्त शिक्षक वाघमारे गुरुजी, आम्हाला चहाला घेऊन गेले. करुणाने पाणी आणले. मंडळीतल्या रीतीप्रमाणे "सलाम, पाळकसाहेब," म्हणाली आणि आत गेली.

गुरुजी म्हणाले, "साहेब, सून दर रविवारी आतल्या खोलीत एकटीच प्रार्थना करून राह्यली. आम्ही कधी अडवलं न्हाई. मंडळीत जा म्हनलं, तर म्हनते, माझ्यापायी आईला सगळ्यांतून उठून जावं लागलं, मंग मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला तो परत उचलला नाही. परतताना राजूरपाशी त्यांनी गाडी थांबवली. "मला लई शरम वाटून राह्यली," म्हणाले. गावाकडची बोली त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

तिथून आम्ही सरळ मस्तगडात गेलो. सुशीलाबाई दारातच उभ्या राहिल्या. पाळकसाहेबांनी हात जोडून माफी मागितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, बोलले ते सगळ्यांदेखत. आन् माफी हितं उंबऱ्यावर?"

"बराबर आहे तुमचं," ते म्हणाले. "रविवारी सगळ्यांदेखत मागतो. यायचं का न्हाई, तुम्ही ठरवा."

आम्हा पंचांना हे रुचले नाही. पाळक असा वाकला तर उद्या कोण ऐकेल? ज्येष्ठ पंच म्हणाले, "खुर्चीची इज्जत ठेवा, साहेब." त्यावर ते म्हणाले, "खुर्चीची इज्जत ठेवायलाच तर वर्षभर गप्प बसलो."

रविवारी सुशीलाबाई आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. पाळकसाहेब व्यासपीठावरून खाली उतरले. "या जागेवरून मी एका बहिणीची अब्रू घेतली," ते म्हणाले. "राग माझा होता. त्याला मी देवाच्या वचनाचे कपडे घातले. सुशीलाबाई, मी चुकलो." आवाज भारदस्त राहिला नव्हता. त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, दुसऱ्या पाळकांनी दिले. आमचे पाळकसाहेब शेवटच्या बाकावर बसले आणि स्वतःला अपात्र मानून त्यांनी ते घेतले नाही.

सुशीलाबाई फक्त म्हणाल्या, "ऐकलं मी," आणि आत येऊन बसल्या. आम्हाला वाटले, झाले, मिटले. पण माणसाचे मन असे पटकन जुळत नाही. पुन्हा प्रार्थना चालवा म्हटले की त्या म्हणत, "अजून न्हाई." पाळकसाहेबांनी एकदाही घाई केली नाही. करुणा बाळाला घेऊन येऊ लागली, सोबत गुरुजीही येऊन बसू लागले, तेव्हा कुठे एका सभेत सुशीलाबाईंनी आपण होऊन प्रार्थना सुरू केली. निवृत्त होईपर्यंत पाळकसाहेब उपासनेनंतर त्यांना विचारीत, "बाई, आज कुणाला लागेल असं बोललो का?" आणि त्या कधी कधी "हो" म्हणत.

हे छापण्याआधी मी सुशीलाबाईंना विचारायला गेलो होतो. "लिहा," त्या म्हणाल्या. "पण मी रडले असं लिहू नका. मी रडले न्हाई. तेच रडले."

वयाबरोबर माणूस मोठा होतोच असे नाही. पुढारी तर बहुधा ताठच होत जातो. पाळकसाहेब साठीनंतर वाकायला शिकले, आणि आम्ही, ज्यांनी त्यांना वाकू नका म्हणून विनवले, ते नुसते पाहत राहिलो.

पाळकसाहेब, देव आपल्याला निरोगी ठेवो, सुशीलाबाईंचा आणि आपला सहवास आम्हाला पुष्कळ वर्षे देवो. आपल्यासमोर बसले की आम्हाला आमची लाज वाटते. ती वाटत राहावी, एवढ्यासाठी तरी आमच्यात खूप जगा.