मामा, मी ‘मानलं’ म्हणाले

माझ्या एका शब्दामुळे मामाने डायबिटीसच्या गोळ्या बंद केल्या.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे वाक्य घरच्यांसमोर बोलले नाही. सकाळपासून चार वेळा टाइप करून डिलीट केलं. आता राहू दे इथेच.

धोंडूमामा. आईचा थोरला भाऊ. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला त्याची वाडी. भात, नाचणी, दोन म्हशी. मुलगा कामाला मुंबईत, घरी मामा आणि मामी.

आमच्या रानात सप्तरंगी नावाची वेल मिळते. तिच्या मुळाचे तुकडे पाण्यात भिजवायचे, सकाळी ते पाणी प्यायचं, साखर उतरते असं जुनी माणसं सांगतात. मामाला आठ वर्षं शुगर होती. तो ते पाणी प्यायचा, मागेल त्याला मुळं द्यायचा. पण सरकारी दवाखान्यातली गोळीही चुकवायचा नाही.

“ती सरकारची, ही रानाची. दोघींचं भांडान नाय,” म्हणायचा.

एम. फार्मच्या प्रोजेक्टला मी हीच वेल घेतली.

मूळ आणायला मामाच मला घेऊन गेला. एका वेलीचं बाजूचं एकच मूळ तोडलं, वर माती ओढली, पायाने दाबली. मला म्हणाला, “समदं उपटलंस तर फुडल्या टायमाला कुठं जाशील?”

पिशवी घेऊन मी वीर स्टेशनवर मुंबईची गाडी पकडली.

मुंबईच्या लॅबमध्ये अर्क काढला. आपण भात-भाकरी खातो, त्याची पोटात साखर व्हायला एक एन्झाइम लागतं. ते काचेच्या नळीत घ्यायचं, अर्क घालायचा, एन्झाइमचं काम अडतं का ते बघायचं.

अडलं.

तीनदा केलं. तिन्ही वेळा अडलं.

गाइडना सांगायच्या आधी मी मामाला फोन लावला.

“मामा, तुझं मूळ काम करतंय!”

“म्हंजे शास्त्रानं मानलं?”

“मानलं!”

मागून कुणीतरी हाक मारली. मी फोन ठेवला.

हे फक्त नळीत झालंय, उंदरांवरची टेस्ट बाकी आहे, माणसांपर्यंत जायला कित्येक वर्षं आहेत... यातलं अक्षरही मी बोलले नाही. आनंदात होते ना.

शिमग्याला मामाकडे गेले तर मामा अर्धा झालेला. सारखा तांब्या तोंडाला. डाव्या तळव्याला फोड फुटून जखम, आणि दुखत नाही म्हणून तिच्यावर नुसती हळद.

“मामी, हा गोळ्या घेतोय ना?”

मामीने फळीवरचा डबा काढून माझ्यासमोर उघडला. पाकिटं तशीच. एकही गोळी फोडलेली नाही.

“तूच बोललीस ना गो, शास्त्रानं मानलं. मंग गोळी कशाला, म्हनाले.”

मी डबा तसाच पिशवीत टाकला.

जीप करून त्याला महाडला आणलं. नर्सने बोटाला टोचलं. मशीनवर आकडाच येईना. साखर मोजण्यापलीकडे गेली की त्यावर इंग्रजीत ‘हाय’ एवढंच येतं.

“काय बोलतंय गो यंत्र?”

“हाय म्हणतंय, मामा.”

“हाय ना मंग! अजून हाय मी.”

त्या अवस्थेतही हसला.

डॉक्टर मात्र भडकले. “गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं तुम्हाला?”

मी शेजारी उभी. हातात त्याची फाइल.

“कोनी नाय. माज्याच मनानं,” मामा म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि मी गप्प राहिले.

औषधांचं शिक्षण घेतलेली मी. गप्प.

पायाची दोन बोटं काढावी लागली. तरी इन्फेक्शन वर चढत गेलं.

एका दुपारी मामी चहा आणायला खाली गेली होती. तेव्हा त्याने विचारलं,

“खरं सांग गो बाय. मानलं का नाय?”

“काचेच्या नळीत मानलं, मामा. आपला अर्क माणसाला देऊन अजून बघितलेलाच नाही. आणि गोळी सोडा असं तर कुणीच म्हटलं नव्हतं.”

त्याने पट्टी बांधलेल्या पायाकडे बघितलं.

“मंग त्ये तवाच सांगायचं व्हतंस.”

रागावून नाही. दूध उतू गेल्यावर म्हणावं, तसं.

नवव्या दिवशी गेला.

तेराव्यानंतर मी डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. ते एवढंच म्हणाले, “मला सांगून आता काय? ते पाणी जे पितायत त्यांना सांग.”

वाडीत घरोघर फिरले. पाणी प्यायचं तर डॉक्टरांना सांगून, पण गोळी सोडायची नाही. काहींनी ऐकलं. एका काकांनी दारातच सुनावलं, “तुजा मामा देत व्हता तवा चाललं. आता तू शानी झालीस?” मी परत गेले. पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला ते शुगर तपासायला तयार झाले.

काम अजून चालू आहे. पावसाळ्यानंतर आणलेल्या मुळाचा अर्क निम्मादेखील चालला नाही. का, ते मला माहीत नाही. जागेमुळे? ऋतूमुळे? माझ्या हातून काही चुकलं? रोज नवीन शंका येते, रोज उठून परत नळ्या मांडते.

मी या वेलीवर काम करते हे कळल्यापासून इनबॉक्समध्ये लोकांचं विचारणं चालूच असतं. “मॅडम, डोस किती घ्यायचा?”

माहीत नाही हो. खरंच माहीत नाही. तुमची गोळी तेवढी सोडू नका.

आता मामीलाही शुगर निघालीय. मी तिला रोज सकाळी फोन करते. आजही केला.

“घेतली गो गोळी. ह्यांच्या फोटूसमोरच घेतली. तू जेवलीस का?”

मामा, चुकले मी.

तुझ्या भाचीचा तुला नमस्कार.